रिचर्डचा कुठला खांदा वर होता?

त्याच्याच काळातला इतिहास लिहिणारा जॉन राऊस म्हणतो, उजवा. पुढच्या पिढीचा चरित्रकार थॉमस मोर म्हणतो, डावा, आणि तोही चांगलाच वर. शेक्सपिअरने डाव्या-उजव्याच्या भानगडीत न पडता थेट पाठीवर डोंगर ठेवून दिला; ‘डोंगर’ हे त्याचंच, मी पदरचं घालत नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड मेला १४८५ साली, आणि त्याच्या खांद्याचा हा वाद मिटायला २०१२ साल उजाडावं लागलं.

दुसऱ्या कुणाला हा वाद फालतू वाटेल. मला वाटत नाही, कारण मी शिंपी आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचं दुकान, आजोबांच्या वेळेपासूनचं. लग्नसराईत सूट, जोधपुरी, शेरवानी. आणि गॅदरिंगचे दिवस आले की नाटकाचे पोशाख. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यात मावळे आहेत, पेशवे आहेत, एक अफझलखान आहे, आणि इंग्रज म्हणाल तर लाल कोटातले गोरे शिपाई. पंधराव्या शतकातला इंग्रज राजा मात्र आमच्याकडे कधी कुणी मागितला नव्हता.

तो मागितला एका कॉलेजच्या पोरांनी. शेक्सपिअरचं नाटक मराठीत करून, कापून-छाटून दीड तासात बसवत होते. दिग्दर्शक म्हणजे बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा पोरगा, दाढी राखलेला, बोलायला गोड.

“काका, एक कुबड पाहिजे.”

“कुठल्या बाजूला?”

“म्हणजे?”

“डाव्या का उजव्या?”

“कुठल्याबी बाजूला चालतंय की. कुबड दिसलं म्हंजे झालं.”

आता ‘चालतंय की’वर कापड कापता येत नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. केलेला माणूस, रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइलवर वाचत पडायची सवय आहेच. वाचायला घेतलं आणि त्यात अडकलो.

रिचर्डला आयुष्य मिळालं बत्तीस वर्षांचं. जन्म २ ऑक्टोबर १४५२, फोदरिंगे किल्ल्यात. घराणं यॉर्कचं, आणि समोर लँकेस्टर. दोघं एकाच मूळ पुरुषाचे वंशज, त्यामुळे आपण जिला भाऊबंदकी म्हणतो तीच तिथे तीस वर्षं चालली, फक्त तोफा-तलवारी घेऊन. हा आठ वर्षांचा असताना वेकफिल्डच्या लढाईत बाप आणि एक भाऊ मारले गेले. बापाचं मुंडकं कागदी मुकुट घालून यॉर्कच्या वेशीवर लावलं होतं म्हणतात. पुढे थोरला भाऊ एडवर्ड राजा झाला. १४७१ मध्ये बार्नेट आणि ट्युक्सबरी या दोन मोठ्या लढायांत रिचर्ड फौजेची एक बाजू सांभाळत होता, वय अठरा. मग भावाने त्याला उत्तरेचा मुलूख दिला आणि त्याने तो बारा वर्षं इमानाने राखला. या बारा वर्षांवर कुणी नाटक लिहीत नाही. चांगलं काम करणाऱ्या धाकट्या भावावर कोण लिहिणार?

सगळं नाटक आहे ते १४८३ च्या तीन महिन्यांत. ९ एप्रिलला एडवर्ड राजा गेला. मागे बारा वर्षांचा मुलगा, तोही एडवर्डच, आणि त्याच्या पाठचा नऊ वर्षांचा. चुलता रिचर्ड पालक म्हणून आला. मुलाच्या आजोळच्या माणसांना अटक केली, हेस्टिंग्ज नावाच्या जुन्या सरदाराचं एका बैठकीतून उठवून डोकं उडवलं, दोन्ही पोरांना लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं. मग निघालं की थोरल्या भावाचं लग्नच कायदेशीर नव्हतं, आधी दुसऱ्या बाईला वचन दिलेलं होतं, म्हणजे पोरं अनौरस. ६ जुलैला रिचर्डचा राज्याभिषेक. पोरं त्या उन्हाळ्यात टॉवरच्या अंगणात खेळताना दिसत होती, नंतर दिसेनाशी झाली. ती कायमचीच.

राज्य जेमतेम दोन वर्षं टिकलं. १४८४ च्या पार्लमेंटमध्ये त्याने काही कायदे केले ते मात्र बरे होते: संशयावरून धरलेल्या गरीब माणसाला जामीन मिळावा, खटल्याआधीच त्याची मालमत्ता जप्त होऊ नये, नजराण्याच्या नावाखाली प्रजेकडून सक्तीने पैसे उकळू नयेत. त्याच वर्षी एकुलता एक औरस मुलगा गेला, पुढच्या वर्षी बायको गेली. आणि २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या माळावर, गादीवर हक्क सांगणाऱ्या हेन्री ट्यूडरशी लढताना हा स्वतः गेला. लढाईत पडलेला इंग्लंडचा शेवटचा राजा. त्याला शिव्या घालणाऱ्या ट्यूडरांच्या इतिहासकारानेही लिहिलंय की शत्रूच्या ऐन गर्दीत, मर्दासारखा लढताना मेला.

मग त्याला नागडा करून, घोड्यावर आडवा टाकून लेस्टरला नेलं, लोकांना बघायला ठेवलं आणि तिथल्या मठात घाईने पुरलं. पुढे मठ पाडला गेला. जागेवर घरं आली, बागा आल्या आणि शेवटी नगरपालिकेचं कार पार्किंग.

त्या पार्किंगमध्ये २५ ऑगस्ट २०१२ ला खणायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. फिलिपा लँगली नावाच्या बाईंनी या खणण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला. काम लेस्टर विद्यापीठाचं. खड्डा आखूड खणलेला, त्यामुळे मान तिरकी करून घातलेली. पेटी नाही. अंगाभोवती कापड गुंडाळल्याचीही खूण नाही. इंग्लंडच्या राजाला कफनाइतकं कापड मिळू नये, हे वाचून शिंपी म्हणून मला कसंतरीच झालं. हाडांवर मरतेवेळच्या अकरा जखमा, त्यातल्या नऊ एकट्या कवटीवर. बहिणीच्या वंशातला एक सुतार लंडनमध्ये सापडला, त्याचा डीएनए जुळला. (२०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा दफन केलं तेव्हा शवपेटी याच सुतार-नातलगाने ओकच्या लाकडात केली. टीव्हीवर पुढे याच राजाची भूमिका करणारा बेनेडिक्ट कम्बरबॅच त्या वेळी कविता वाचायला होता, तोही लांबचा नातलग निघाला. या घराण्यात नातलगांची कमतरता कधीच नव्हती, दुखणंच ते होतं.)

आणि पाठीचा कणा. तो फोटो मी मोठा करून करून पाहिला. कणा उजवीकडे कमानीसारखा वळलेला. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. कुबड वेगळं, कुबडात माणूस पुढे वाकतो. यात माणूस वाकत नाही, कणा आडवा वळतो आणि वळता वळता पिळतो. वाक ६५ ते ८५ अंशांचा, म्हणजे चांगला जबर. जन्मापासूनचा नव्हे, दहा वर्षांनंतर वाढत्या वयात आलेला. सरळ असता तर उंची पाच फूट आठ इंच भरली असती. कण्यामुळे धड आखूड, हात-पाय त्या मानाने लांब. हात दोन्ही धडधाकट. मोर आणि शेक्सपिअर दोघांनी सुकलेला हात लिहिलाय, तो नाहीच. वर असलेला खांदा उजवा. राऊस बरोबर, मोर चूक.

या संशोधनातल्या जो ॲपलबी या बाईंनी जे म्हटलंय ते मी दुकानात लावून ठेवण्याच्या लायकीचं आहे: व्यंग फार दिसणारं नव्हतं, आणि चांगला शिंपी आणि मापाचं चिलखत असेल तर ते बरंचसं झाकलं गेलं असतं.

हे खरं आहे हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण अशी पाठ माझ्या टेपखालून गेलेली आहे. गडहिंग्लज बाजूचा एक नवरदेव होता. बापाने बाहेर बोलावून हळूच सांगितलं, मास्तर, जरा सांभाळून घ्या. शर्टावर उभा केला तेव्हा दिसत होतं: उजवा पाटा मागे आलेला, डाव्या कमरेत घडी. आता नेहमीचा कोट कापताना कापड दुहेरी घालतात, एकदा कात्री फिरवली की दोन्ही बाजू सारख्या निघतात. अशा पाठीला ते करून चालत नाही. पाठीचे दोन्ही भाग सुटे मापायचे, सुटे कापायचे. उजवीकडे पाट्यावरून कापड जायला लांबी जास्त द्यायची, डावीकडची शिवण कमरेत आत घ्यायची. खाली गेलेल्या खांद्यात पॅड जाड, वरच्या खांद्यात नुसता कॅनव्हास. दोन्ही मुंढे वेगवेगळे. कॉलर मानेपासून सुटतेय का ते दर ट्रायलला बघायचं. खालचा घेर टेबलावर सरळ करायचा नाही, अंगावर करायचा, माणसाला त्याच्या सवयीने उभं राहू देऊन. आणि रेघांचं कापड चुकूनही घ्यायचं नाही. रेघ चुगली करते. त्याने घनदाट मरून रंगाचं घेतलं होतं. लग्नाच्या फोटोंत त्या मुलाचा वाकडा खांदा शोधून सापडत नाही.

रिचर्डच्या दरबारात माझ्यापेक्षा चांगले शिंपी असणार. त्याच्या राज्याभिषेकाचं वर्णन उपलब्ध आहे, त्यात राजा-राणी दोघांना कमरेपर्यंत उघडं करून तेल लावल्याचं लिहिलंय. म्हणजे पाठ बघितलेली माणसं होती; त्या वेळी कुणी चकार शब्द लिहिला नाही. १४८४ मध्ये पॉपेलाऊ नावाचा परदेशी सरदार त्याला भेटला, जवळ बसून जेवला. त्याने लिहिलंय: माझ्याहून तीन बोटं उंच, पण बारीक, हातपाय नाजूक, काळीज मोठं. कुबडाचं नाव नाही. मग पाठ जगासमोर आली कधी? नागडं करून घोड्यावर टाकला तेव्हा. त्याच्यानंतर सहा वर्षांनी, १४९१ मध्ये, यॉर्कमधल्या एका भांडणाची नोंद आहे. त्यात एकाने रिचर्डला पाठवाकडा आणि कुत्र्यासारखा खड्ड्यात पुरलेला म्हटल्याचा आरोप आहे. गंमत म्हणजे त्याच यॉर्क शहराने राजा पडल्याची बातमी आली तेव्हा आपल्या दप्तरात लिहून ठेवलं होतं की त्याची दयनीय हत्या झाली आणि शहरावर दुःखाचा डोंगर कोसळला.

हे सगळं मी त्या दिग्दर्शक पोराला सांगितलं. म्हटलं, कुबड काढून टाक. मी असा कोट शिवतो की दरबारात तो दोघा-चौघांत उठून दिसेल, आणि लढाईच्या आदल्या रात्री तो कोट उतरवतो तेव्हा प्रेक्षकांना पाठ दिसेल. पोराने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला,

“काका, भारी हाय. पण मग एंट्रीला तो व्हिलन आहे हे कळणार कसं?”

पाचशे वर्षांचा सगळा व्यवहार त्या पोराने एका वाक्यात मांडला. मोरला, शेक्सपिअरला, त्यांच्या मागच्या नटांना हाच प्रश्न पडला होता आणि सगळ्यांनी तो कापूस भरून सोडवला. आपल्याकडेही गावच्या नाटकात खलपुरुष आला की आधी त्याचा एक पाय लंगडतो, मग तो बोलतो.

मी म्हटलं, बोलायला लाव. कळेल.

शेवटी तडजोड झाली. पोरं पण हुशार असतात, त्यांना थोडं ढकललं की स्वतःच पुढे जातात. रिचर्ड करणारा गडी तालमीतला, खांदे दोन्हीकडे सारखेच भरलेले. त्याला वाकडा करणं हे सरळ करण्यापेक्षा अवघड. जाड बनियनला आतून स्पंजचे तुकडे पायऱ्या-पायऱ्यांनी कापून शिवले, उजव्या पाट्यावर जाड, कडेला विरत गेलेले. चिकटवले नाहीत, घामाने सुटतात. वर मखमलीचा कोट, डाव्या खांद्यात पॅड. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं होतं, पोरांचे हाल होते, कॉलेजच्याच हॉलमध्ये प्रयोग झाला. पहिल्या प्रवेशात राजबिंडा रिचर्ड येऊन प्रेक्षकांशी लाडात बोलायला लागला तेव्हा मागच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. तासाभराने त्याने पुतण्यांना मारायचा हुकूम दिला तेव्हा हॉल गप्प. शिट्ट्या मारणाऱ्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. कुबडाने हे झालं नसतं.

आता कुणी म्हणेल, मग शेक्सपिअर खोटारडा. मला तसं म्हणायचं नाही. त्याने इतिहासाचे हाल केले हे खरंच. एका आधीच्या नाटकात तर सेंट ऑल्बन्सच्या लढाईत रिचर्डला तलवार देऊन उभा केलाय, खरा रिचर्ड तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. पण ट्यूडरांच्या नातीच्या राज्यात, तिच्या आजोबांनी ज्याला मारलं त्याच्यावर नाटक लिहायचं तर दुसरं काय लिहिणार होता? आणि कच्चा माल त्याला मिळाला तो मोरचा. मोर लढाईच्या वेळी सात वर्षांचा. वाढला जॉन मॉर्टनच्या घरी, जो रिचर्डचा पक्का वैरी. राऊसची तर कमाल. रिचर्ड जिवंत असताना याने त्याची तोंड भरून स्तुती लिहिली, हेन्री गादीवर आल्यावर लिहिलं की हा दोन वर्षं आईच्या पोटात होता आणि दात घेऊन, खांद्यापर्यंत केस घेऊन जन्मला. खांदा बरोबर सांगणारा हाच तो राऊस, हे लक्षात घ्या. खोटं लिहिणारा माणूस प्रत्येक ओळीत खोटं लिहीत नाही, तिथेच तर पंचाईत होते.

चित्रकारही मागे राहिले नाहीत. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात रिचर्डचं एक जुनं चित्र आहे. त्याचा एक्स-रे काढला तर कळलं की खांद्याची रेघ आधी नीट होती, नंतर कुणीतरी रंग चढवून ती वर उचलली. म्हणजे आधी शिवलेला खांदा नंतर उसवला.

नटांना मात्र या कुबडाने सोनं दिलं. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९५५ च्या सिनेमात खोटं लांब नाक लावलं, खांदा, लंगडणं, सगळं लावलं आणि कॅमेऱ्यात बघून असा बोलला की आपण त्याच्या कटात सामील होतो. अँटनी शेर १९८४ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावर दोन कुबड्या घेऊन आला. काळ्या पोशाखाच्या बाह्या खाली लोंबत सोडलेल्या, त्यामुळे कोळ्यासारखे जास्तीचे पाय असल्याचा भास. शेक्सपिअरने त्याला कोळी म्हटलंच आहे, त्या ओळीचं कापड करून दाखवलं. तो फोटो बघून मी त्या अनोळखी शिंप्याला हात जोडले. इयन मॅकेलनचा १९९५ चा सिनेमा १९३० च्या दशकातल्या हुकूमशाहीत घडतो, अंगावर कडक इस्त्रीची लष्करी वर्दी, आणि “घोडा! घोड्यासाठी माझं राज्य!” हे वाक्य तो चिखलात चाकं रुतलेल्या जीपमधून ओरडतो. विनोदी मालिकावाल्यांनी १९८३ मध्ये उलटंच केलं, ‘ब्लॅकॲडर’मध्ये रिचर्ड पुतण्यांवर माया करणारा प्रेमळ काका दाखवला. आणि २०२२ मध्ये आर्थर ह्यूज या नटाने स्ट्रॅटफर्डलाच ही भूमिका केली. त्याच्या हाताला जन्मापासून व्यंग आहे. त्याला काही लावावं लागलं नाही, काही झाकावंही लागलं नाही. मला बघायला मिळालं असतं तर मी हेच आधी बघितलं असतं.

दुकानात हा विषय काढला की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, म्हणजे आपल्या संभाजीराजांसारखंच की! अर्धं पटतं. मल्हार रामराव चिटणीसाची बखर शंभरेक वर्षांनंतरची, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, राजांनी देहदंड दिलेला, मग वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र यायला १९६० साल लागलं. मॉर्टनच्या घरात वाढलेला मोर आणि हा चिटणीस, मासला एकच. पण पुढे तुलना ओढू नका. संभाजीराजांनी कुणा बारा वर्षांच्या पुतण्याची गादी घेतली नव्हती. रिचर्डने घेतली. कुबड खोटं निघालं म्हणून माणूस सरळ निघत नाही. ती दोन पोरं त्याच्या ताब्यात होती, त्याच्या पहाऱ्यात होती, आणि ती मेली अशी अफवा देशभर झाली तेव्हा त्यांना एकदा सज्जात उभं करून दाखवलं असतं तरी अफवा संपली असती. त्याने ते केलं नाही. रिचर्डचे चाहते इथे हेन्रीकडे बोट दाखवतात, बकिंगहॅम या सरदाराकडे दाखवतात. दाखवोत. १९२४ पासून त्यांची संस्था आहे, चिकाटीची माणसं आहेत, आणि पार्किंग खणलं गेलं ते त्यांच्याचमुळे. पण पोरांचा हिशोब चुलत्यालाच द्यावा लागेल असं माझं मत.

या शोधावर २०२२ मध्ये सिनेमा आला, ‘द लॉस्ट किंग’. सॅली हॉकिन्स फिलिपाबाई झालीय, काम झकास. नाटकातला रिचर्ड करणारा नट आणि तिला जागोजागी दिसणारा राजा, दोन्ही हॅरी लॉइडनेच केलेत. पण सिनेमाला व्हिलन लागतोच; राजा निर्दोष करायचा म्हटल्यावर ती जागा रिकामी पडली. ती दिली विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्याला. त्याने बदनामीचा दावा लावला, आणि २०२४ मध्ये न्यायाधीशाने सांगितलं की सिनेमातल्या चित्रणाचा अर्थ बदनामीकारक होतो. एका माणसाची पाचशे वर्षांची बदनामी पुसायला निघालेला सिनेमा बदनामीच्या कोर्टात उभा.

राजा आणि बदनामीचा खटला म्हटलं की कोल्हापूरकराला स्वतःच्या घरातलं आठवायला पाहिजे, ते आठवत नाही. आमचे चौथे शिवाजी महाराज. आठ वर्षांचे असताना दत्तक आले, आधीचे राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला वारल्यावर. पुढे त्यांना वेडे ठरवलं. ठरवणारे साहेब आणि कारभारी. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने लिहिलं की महाराजांचा छळ चाललाय, दिवाण बर्व्यांनी खटला भरला, ज्या पत्रांवर भरवसा ठेवला होता ती बनावट निघाली आणि टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. तिथे बसून आगरकरांनी भाषांतर कशाचं केलं? हॅम्लेटचं. ज्याला वेडा म्हणतात पण जो वेडा आहे की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, त्या राजपुत्राचं. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज वारले. वय वीस. त्यांच्या जागी दत्तक आले ते शाहू महाराज, आणि शाहू महाराजांच्या उजेडात हे आधीचे महाराज दिसेनासे झाले. त्यांना खरोखर आजार होता का, किती होता, छळाने किती वाढला, यावर सरकारी कागद एक सांगतात आणि त्या वेळची मराठी वर्तमानपत्रं दुसरं. कण्यासारखं खणून काढून मोजता येईल असं वेड नसतं.

शाहू महाराजांचा पोशाख माझ्याकडून दरवर्षी जातो, फेटा-अंगरख्यासकट, जून महिन्यात तर दोन-दोन सेट कमी पडतात. ग्रीनचा लाल कोट ट्रंकेत तयार आहे. चौथ्या शिवाजीचा मात्र अजून कुणी मागितलेला नाही. वीस वर्षांच्या, अंगाने बेताच्या मुलाचं माप घेऊन या, शिवून देतो. भाडं निम्मं लावीन.